आंतरजालावरील वाङ्मयीन नियतकालिके : प्रतिष्ठेचा प्रश्न

जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होते आणि त्यांच्या कथा मुंबईच्या 'सत्यकथे'त प्रसिद्ध होत होत्या. मधला सारा व्यवहार टपालाने चाले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने आला. लेखक गावात राहतो आणि त्याची प्रतिष्ठा चारशे-पाचशे किलोमीटरवर ठरते, ही सीमाभागातील मराठी साहित्याची जुनीच रीत आहे. त्या प्रतिष्ठेमागे छापखाना किंवा कागद नव्हता. कथा परत पाठवू शकणारा, पुन्हा लिहायला सांगणारा संपादक होता. आंतरजालावरील वाङ्मयीन नियतकालिकांचा विचार करताना हा मुद्दा प्रथम लक्षात घ्यावा असे वाटते, कारण आपल्या अध्यापकवर्गात चर्चा होते ती बहुधा कागद विरुद्ध संगणक एवढीच.

या नियतकालिकांची वाढ आता नाकारण्यासारखी राहिलेली नाही. परदेशस्थ मराठी मंडळींनी 1996 साली 'मायबोली' सुरू केली आणि पुढे तिचे दिवाळी अंकही निघू लागले. 'मनोरंजन'ने 1909 मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा अशा रीतीने कागदाशिवायही चालू राहिली. त्यानंतर 'ऐसी अक्षरे', 'अक्षरनामा' अशी भिन्न स्वभावाची संकेतस्थळे आली. 2017 पासून निघणारे 'हाकारा' हे मराठी-इंग्रजी द्वैभाषिक नियतकालिक तर प्रत्येक अंक एका संकल्पनेभोवती रचते आणि कविता, निबंध, चित्र यांना एकत्र आणते. कन्नडमध्ये 'केंडसंपिगे' हे आंतरजालावरील नियतकालिक अब्दुल रशीद या कथाकाराने उभे केले. आपल्या संस्थांतून मुस्लिम लेखकांच्या योगदानाविषयी परिसंवाद होतात. त्यांत हे नाव क्वचितच ऐकू येते.

उर्दूची कहाणी थोडी निराळी आहे व ती सांगितल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. नस्तालीक लिपी यंत्राला वश होणे कठीण होते. मिर्झा अहमद जमील यांनी 1981 मध्ये 'नूरी नस्तालीक' सिद्ध केली तेव्हा कातिबाच्या हातातून उर्दू वृत्तपत्र प्रथम सुटले. पुढे 'इनपेज' ही संगणकप्रणाली आली, पण तीत जुळवलेला मजकूर आंतरजालावर जसाच्या तसा जाईना. म्हणून पानाचे चित्र करून ते चढवण्याचा प्रघात पडला. चित्र डोळ्यांना दिसते, पण त्यातला शब्द शोधयंत्राला सापडत नाही. परिणामी कित्येक वर्षांचे उर्दू लेखन आंतरजालावर असूनही नसल्यासारखेच राहिले. मराठीतही प्रत्येक संकेतस्थळाचा टंक वेगळा असे आणि तो आपल्या यंत्रावर नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. युनिकोड रुळल्यावरच दोन्ही भाषांची सुटका झाली. 2013 मध्ये सुरू झालेल्या 'रेख्ता'ने उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत गझल दिली. शम्सुर्रहमान फारुकी यांनी 1966 पासून जवळजवळ चाळीस वर्षे चालवलेल्या 'शबखून'चे अंकही तेथे वाचायला मिळतात. उत्तर कर्नाटकातील ज्या मुलांना घरी दखनी येते, शाळेत कन्नड शिकावी लागते आणि मराठी ऐकून कळते, त्यांच्यासाठी तीन लिप्यांची ही सोय ग्रंथालयाच्या कपाटापेक्षा मोठी आहे.

मात्र 'रेख्ता' हे मुख्यतः संग्रहालय आहे. संग्रहालय आणि नियतकालिक यांतला फरक आपण पुसू नये. नियतकालिक नव्याचा धोका पत्करते. 'शबखून'ने आधुनिकतावादी लेखन छापले तेव्हा ते अनेकांना रुचले नव्हते. मराठीत साठोत्तरी अनियतकालिकांनी प्रस्थापितांशी भांडण मांडले आणि 1969 मध्ये 'सत्यकथे'चा अंक जाळण्यापर्यंत गोष्ट गेली. 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांची एक पिढी घडवली. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागेही आपले लेखन छापले जात नाही, छापले तर त्यातली भाषा 'शुद्ध' करून छापले जाते, ही भावना होती. आंतरजालावरील नियतकालिकांत असे भांडण किती आहे? माझ्या वाचनात तरी फार थोडे आले. जागेची टंचाई नसल्याने नकार देण्याची गरज उरत नाही आणि नकार नसला की वादही होत नाही. बरीच संकेतस्थळे अतिशय सौजन्यशील आहेत. लेखाखाली 'अप्रतिम', 'वा!' अशी दाद मिळते. उर्दूत मुशायऱ्याची ही सवय पूर्वीपासूनच होती, तीच आता लेखी झाली. परीक्षणाची जागा मात्र रिकामी राहते. 'हाकारा'सारखे नियतकालिक वेगळे वाटते ते तेथे निवड दिसते म्हणून, आणि अंकाला आरंभ व शेवट आहे म्हणून. तरीही त्यातील काही गद्य इंग्रजी विद्यापीठीय परिभाषेच्या इतके जवळ जाते की आमच्या पदवी वर्गातल्या विद्यार्थ्याला ते दुरूनच पाहावे लागते, हेही नोंदवायला हवे.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा, आणि तो खरा आहे. 2009 मध्ये 'जिओसिटीज' बंद झाली, 2020 मध्ये 'याहू ग्रुप्स' बंद झाले. फुकट मिळालेल्या जागेवर वाढलेले लेखन, ज्याने स्वतः जपून ठेवले नाही त्याचे, तिच्याबरोबर गेले. 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद पडली, पण तिचे अंक कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात आहेत. त्यात तारखेचा प्रश्नही मिसळलेला आहे. जी. एं.च्या 'काजळमाया'ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला आणि जी. एं.नी पुरस्कार परत केला. छापील पुस्तकाच्या तारखेवरून जर एवढे होते, तर आंतरजालावर काल प्रसिद्ध झालेली आणि आज गुपचूप दुरुस्त केलेली कथा नेमकी कोणत्या दिवसाची धरायची? संपादकांनी दुरुस्तीची नोंद लेखाखाली द्यावी, एवढा साधा संकेतही अद्याप सर्वत्र पाळला जात नाही.

आता आपल्या वर्गाबद्दल थोडे. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रबंधिकेत आंतरजालावरील एका निबंधाचा आधार घेतला. परीक्षकांनी समासात 'अविश्वसनीय साधन' असा शेरा दिला. तो निबंध त्यांनी वाचला नव्हता, असे बोलताना कळले. पुढच्याच पानावर पैसे भरून छापून घेतलेल्या एका मासिकातील लेखाचा संदर्भ होता. त्यावर शेरा नव्हता, कारण तो छापील होता व त्याला क्रमांक होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये गुणांकाची पद्धत आणली, त्यानंतर अशा मासिकांचे पीकच आले. 2018 च्या मे महिन्यात आयोगाने आपल्या मान्य यादीतून 4305 नियतकालिके एकदम काढून टाकली. नंतर 'केअर' यादी आली आणि 2025 मध्ये तीही मागे घेण्यात आली. दर्जा ठरवण्याचे काम आता पुन्हा महाविद्यालयांकडे, म्हणजे पर्यायाने आपल्याकडे आले आहे. यादीची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांना हे जड जाणार, हे मी स्वतःवरून सांगतो.

म्हणून काही प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. संपादक कोण आहे आणि तो नाकारतो काय? दुरुस्तीची नोंद आहे काय? मागील अंक मिळतात काय? लेखकाच्या मित्रांबाहेरचे कोणी त्यावर लिहिले आहे काय? हेच प्रश्न या पानांनाही, म्हणजे आपल्या संस्थेच्या नियतकालिकालाही, लावावेत. शेवटच्या प्रश्नावर आपलीही अडचण होईल असे मला वाटते.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने तो संदर्भ काढला नाही. पाहिल्याची तारीख लिहिली, पानाची मुद्रित प्रत परिशिष्टात जोडली आणि तोंडी परीक्षेत निबंधातील मुख्य मुद्द्याशी आपला मतभेदही मांडला. आमच्या विभागात आता अशा प्रतींची एक फाईल ठेवली आहे. तीत सध्या अकरा लेख आहेत, सात मराठी आणि चार उर्दू.