चादरी, छत्र्या आणि एक पत्र

आमच्या शाखेत एक रसिक सहकारी आहेत. रसिक म्हणजे, व्हाउचर तपासताना ते कंटाळतात आणि परदेशी सिनेमा बघताना कंटाळत नाहीत. माझं नेमकं उलट आहे. त्यामुळे त्यांनी आपल्या फिल्म क्लबचे दोन पास माझ्या टेबलावर ठेवून "इटालियन आहे, कृष्णधवल आहे, बाईच्या संसारावर आहे" असं सांगितलं, तेव्हा माझ्या हातून त्यांचा काय अपराध घडला असावा, याचाच मी विचार करू लागलो. पण पास फुकटचे होते, आणि कॉमर्सच्या पदवीधराला फुकट या शब्दाचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रविवारी सकाळी सौ.ला घेऊन गेलो.

सिनेमाचं नाव 'चे अंकोरा दोमानी', म्हणजे 'अजून उद्या आहे'. पाओला कोर्तेलेसी ही इटलीतली लोकप्रिय विनोदी नटी. तिने २०२३ साली पहिल्यांदाच दिग्दर्शन केलं ते या सिनेमाचं, आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. त्या वर्षी इटलीत सर्वांत जास्त गल्ला याच सिनेमाने जमवला. 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' दोन्ही मागे पडले. गल्ल्याची गोष्ट कानावर पडताच मी जरा सावरून बसलो.

काळ १९४६चा, गाव रोम. महायुद्ध संपून वर्ष झालंय, नाक्यावर अमेरिकन सैनिक उभे आहेत, धान्यासाठी रांगा आहेत. तळघरातल्या बिऱ्हाडात डेलिया नावाची बाई सकाळी जागी होते, शेजारच्या नवऱ्याला 'सुप्रभात' म्हणते आणि तो तिच्या मुस्कटात मारतो. कारण विचारू नका, तोही सांगत नाही. ती उठते आणि कामाला लागते. हॉलमध्ये कोणीतरी हसलं. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

तिचं काम म्हणजे किती, हे मोजायला आमच्यासारखा मनुष्यच हवा. घरात तीन मुलं, अंथरुणाला खिळलेला सासरा, आणि नवरा. ते उरकून ही घरोघर इंजेक्शनं टोचायला जाते, लोकांचे कपडे शिवते, श्रीमंतांच्या चादरी धुते आणि दुकानासाठी छत्र्या दुरुस्त करते. म्हणजे बाई एक, नोकऱ्या चार, आणि पगारपत्रक एकही नाही. घरी आली की नवरा हात पुढे करतो. ती दिवसाची कमाई मोजून देते. फक्त त्यातलं थोडं आधीच काढून लपवून ठेवलेलं असतं. आमच्या भाषेत याला अपहार म्हणतात. पण स्वतःचेच पैसे स्वतःच चोरले, तर ते कुठल्या रकान्यात मांडायचे, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत.

छत्र्यांच्या दुकानात एक नवा पोरगा लागतो. काम त्याला डेलियानेच शिकवायचं. पगार मात्र त्याला जास्त. ती मालकाला कारण विचारते, तर तो थक्कच होतो. अहो, तो पुरुष आहे! मालक दुष्ट नाही, हीच गंमत आहे. दोन आणि दोन चार का, असं कोणी विचारल्यावर आपण जसे बघू, तसा तो बघतो.

हे बघताना मला आयुष्यात पाहिलेला दुसरा इटालियन सिनेमा आठवला. (पहिला आणि दुसरा मिळून एकूण दोन.) डी सिकाचा १९४८चा 'बायसिकल थीव्ज'. त्यात गहाण पडलेली सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी काढून देते. त्या गहाण पडतात, सायकल सुटते, चोरीला जाते, आणि मग आपण नवऱ्यामागून आणि त्या गोड पोरामागून सायकल शोधत हिंडतो. चादरी देणारी बाई कुठे गेली, हे कोणी विचारत नाही. मी तारण कर्जाच्या टेबलावर चार वर्षं काढली, पण मलाही सुचलं नव्हतं. कोर्तेलेसीबाईंनी काय केलं? तेच शहर, तोच काळ, तोच काळा-पांढरा रंग घेतला, पण कॅमेरा सायकलमागे न धाडता चादरी धुणारीपाशी ठेवला.

मारहाण त्यांनी दाखवली आहे ती नाचासारखी. खिडक्या बंद होतात, गाणं सुरू होतं, नवरा-बायको जोडीने गिरक्या घेतात, अंगावर वळ उमटतात आणि विरतात. काहींना हे आवडणार नाही. मला वाटतं, ती रोज मार खाते तो असाच खात असणार, पावलं पाठ झाल्यासारखा. शिवाय खरोखरीचा मार दाखवला असता तर आपण "अरेरे" म्हणून मोकळे झालो असतो.

दोष नाहीत असं नाही. सासरा मुलाला सल्ला देतो की बायकोला रोज मारू नये, तिला सवय होते. हे पात्र इतकं काळं आहे, की आपण तर बुवा असे नाही, असं म्हणत प्रेक्षकातला पुरुष निर्धास्त होतो. मुलीचं लग्न मोडण्यासाठी व्याह्यांचा बार अमेरिकन सैनिकाकरवी उडवून देणं, हा आमच्या हिशेबात सस्पेन्स अकाउंटचा प्रकार: कुठेच जुळेना, टाका तिथे. आणि डेलियाचा जुना प्रियकर, तो मेकॅनिक, अगदीच पुठ्ठ्याचा आहे.

पण तो पुठ्ठ्याचा का, हे शेवटी कळतं. शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ज्यांना तो नको, त्यांनी इथे थांबावं.

डेलियाच्या नावावर एक पत्र येतं. ती ते लपवते. नवा ब्लाउज शिवते. मेकॅनिक तर गाव सोडून उत्तरेकडे निघालाच आहे. मी सौ.च्या कानात म्हटलं, "पळून जाणार." नेमका ठरल्या दिवशी सासरा मरतो, घर माणसांनी भरतं, बेत फसतो. पण अजून उद्या आहे. दुसऱ्या दिवशी ती निघते, लपवलेले पैसे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवून. गर्दी, जिने, मागे नवरा. आणि कळतं, की ते पत्र मतदानाचं होतं! २ आणि ३ जून १९४६, राजा हवा की प्रजासत्ताक याचा कौल. देशव्यापी मतदानात इटलीच्या बायका प्रथमच उतरल्या होत्या. त्याच वेळी निवडलेल्या घटना समितीच्या ५५६ जणांत २१ बायका आल्या. मतपत्रिका जिभेने ओली करून चिकटवायची, तिला रंग लागला तर मत बाद, म्हणून रांगेतल्या बायका लिपस्टिक पुसतात. मघाशी मुलीच्या ओठांचा रंग तिच्या होणाऱ्या नवऱ्याने पुसला होता, मालकी दाखवायला. आता बायका आपला आपण पुसतात. कृती तीच, पण नोंद जमेच्या बाजूला. पडलेलं ते पत्र घेऊन मुलगी धावत येते. नवरा जिन्यापाशी पोचतो, तर त्या साऱ्या बायका तोंड मिटून त्याच्याकडे नुसत्या बघतात. तो मागे फिरतो.

आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको' एवढंच सांगितलं. डेलियाला आलेलं पत्र निदान तिच्या नावाचं होतं.

बाहेर आल्यावर सौ.ने विचारलं, "तुम्हाला खरंच वाटलं, ती त्या मेकॅनिकबरोबर जाणार?"

"सगळ्यांनाच वाटलं."

"मला नाही वाटलं. प्रेमपत्र असं जपून ठेवत नाहीत. रेशनकार्ड ठेवतात."

मी गप्प झालो. सिनेमाने मला फसवलं, हे खरं नव्हतं. बाई सुटणार म्हणजे दुसऱ्या पुरुषाकडेच जाणार, हा हिशेब मी घरूनच करून गेलो होतो. सासऱ्याकडे बघून निर्धास्त झालेला तो प्रेक्षकही मीच.

सोमवारी संध्याकाळी सौ.च्या नावावरच्या मुदत ठेवीचा फॉर्म घरी आणला. गेली अठरा वर्षं मी असे फॉर्म भरतो आणि पेन्सिलीने फुली मारून "इथे सही कर" म्हणतो. ती करते. त्या दिवशी तिने चष्मा शोधला.

"अहो, यात वारस म्हणून कोणाचं नाव घातलंय?"

"माझं. नेहमीचंच."

"मुलीचं का नाही?"

मला उत्तर सुचेना. मी त्या छत्रीवाल्या मालकासारखा नुसता बघत राहिलो.

"ठेवा तिथे," ती म्हणाली. "वाचून उद्या करते."