जर्मन भाषेतला ऑस्ट्रेलिया

१९५७ साली पॅट्रिक व्हाइट यांची ‘द ट्री ऑफ मॅन’ ही कादंबरी जर्मनमध्ये आली. अनुवाद केला होता हाइनरिश ब्यॉल आणि त्यांच्या पत्नी आनेमारी यांनी. पुढे ब्यॉल यांना १९७२चे आणि व्हाइट यांना १९७३चे नोबेल मिळाले. ऑस्ट्रेलियन साहित्याला जर्मनीत इतक्या तोलाचा अनुवादक त्यानंतर क्वचितच लाभला. पाठोपाठ व्हाइट यांची ‘व्हॉस’ आली. लुडविग लायखहार्ट हा प्रशियन संशोधक १८४८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात नाहीसा झाला. ‘व्हॉस’च्या नायकामागे त्याचीच छाया आहे.

ऑस्ट्रेलियन पुस्तकात जर्मनी किंवा जर्मन माणूस असला, की जर्मन प्रकाशकाचे दार लवकर उघडते, असे गेल्या सहा-सात दशकांतली पुस्तके पाहताना वारंवार वाटते. थॉमस केनीली यांचे शिंडलरवरचे पुस्तक आणि मार्कस झुसाक यांची म्युनिकजवळच्या काल्पनिक गावात घडणारी ‘द बुक थीफ’ ही सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे. लेस मरे यांच्या ‘फ्रेडी नेपच्यून’ या काव्यकादंबरीचा नायक जर्मन वंशाचा ऑस्ट्रेलियन खलाशी आहे. शेकडो पानांची ही पद्यकथा थॉमस आइशहॉर्न यांनी जर्मनमध्ये आणली आणि झ्युरिकच्या आमान प्रकाशनाने २००४मध्ये छापली. अशा पुस्तकातून नफा निघत नसतो, साहित्यावरच्या निष्ठेपोटीच ते छापले जाते. २०१०मध्ये आमानने काम थांबवले, हे म्हणूनच फार मोठे नुकसान आहे.

पण जर्मनी पुस्तकात असूनही दार अडते, हे ॲना फंडर यांच्या ‘स्टाझीलँड’ने दाखवले. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांविषयीचे हे पुस्तक इंग्रजीत गाजले, पण अनेक जर्मन प्रकाशकांनी ते नाकारले. ताज्या जखमेवर परक्याने बोट ठेवलेले कुणालाच रुचत नाही.

त्या पूर्व जर्मनीचाही या इतिहासात वाटा आहे. कॅथरीन सुझाना प्रिचर्ड, फ्रँक हार्डी यांसारखे डावे लेखक तिथे छापले गेले. खाणकामगार आणि संपकरी यांचा ऑस्ट्रेलिया जर्मन वाचकाला प्रथम तिथे भेटला. निवड राजकीय होती, हे खरे. तरीही ती एका समाजाविषयीच्या कुतूहलातून झाली होती, आणि पुनरेकीकरणानंतर ती सारी फळी विस्मरणात गेली, याची खंत वाटते.

पश्चिमेत मात्र खप झाला तो निसर्गाचा आणि स्वप्नांचा. कॉलीन मॅककलो यांच्या ‘द थॉर्न बर्ड्स’ने आणि त्यावरच्या दूरचित्रवाणी मालिकेने घरोघरी वेड लावले. पॅट्रिशिया शॉ यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना मायदेशापेक्षा जर्मनीत अधिक वाचक मिळाले. एवढ्यावर थांबले असते तर तक्रार नव्हती. पण आदिवासींच्या गूढ ज्ञानाचा दावा करणारे ‘म्यूटंट मेसेज डाउन अंडर’ हे अमेरिकन लेखिका मार्लो मॉर्गन यांचे पुस्तक जर्मनीत प्रचंड खपले. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियन आदिवासींनी त्याविरुद्ध मोहीम उघडली, हे सारे बनावट आहे असे जाहीरपणे सांगितले. सॅली मॉर्गन यांचे ‘माय प्लेस’ हे खरे आत्मकथन जर्मनमध्ये उपलब्ध असताना वाचकांची झुंबड बनावट पुस्तकावर उडाली.

आजचा ऑस्ट्रेलिया जर्मन वाचकापर्यंत पोचतो तो मुख्यतः गुन्हेकथांतून. गॅरी डिशर यांना जर्मन गुन्हेकथा पुरस्कार एकाहून अधिक वेळा मिळाला आहे. पेटर टोरबर्ग यांच्या अनुवादातला डिशर यांचा कॉन्स्टेबल हिर्शहाउझेन दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या मुलखात गस्त घालतो. दुष्काळ, कर्ज, दारू, आदिवासी पोरांवर पोलिसांचा डोळा, हे सगळे तिथे आहे. पीटर टेंपल यांच्या ‘ट्रूथ’ला तर २०१०मध्ये माइल्स फ्रँकलिन हा ऑस्ट्रेलियाचा सर्वोच्च साहित्यपुरस्कार मिळाला. गुन्हेकथेला दुय्यम मानणाऱ्या समीक्षकांनी ही पुस्तके उघडून पाहावीत.

गंभीर कादंबरीची वाट अजून लांबचीच आहे. जेराल्ड मर्नेन यांची ‘द प्लेन्स’ १९८२ची. झूरकाम्प प्रकाशनाने ती जर्मनमध्ये आणली २०१७ साली. तारा जून विंच यांची ‘द यील्ड’ मात्र त्या मानाने लवकर आली. विराडजुरी या आदिवासी समाजातल्या आजोबांनी रचलेला शब्दकोश हा तिचा प्राण आहे, आणि तिच्यातही एक जर्मन मिशनरी आहेच.

अनुवादकांची तयारी कमी नाही, हे आइशहॉर्न आणि टोरबर्ग यांनी सिद्ध केले आहे. उणीव आहे ती प्रकाशकांच्या धाडसाची. ज्या पुस्तकात ना जर्मन माणूस आहे ना वाळवंटातला सूर्यास्त, अशा ऑस्ट्रेलियन कादंबऱ्या त्यांनी आता हाती घ्यायला हव्यात. जर्मन शिकलेल्या मराठी वाचकांनी तोवर डिशरपासून सुरुवात करावी.