‘मी कायदा मोडणारच’ : ठाण्यातील उत्सवी टी-शर्ट आणि ‘मी’चा प्रश्न

प्रस्तावना

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील राजकीय प्रचाराचा विचार बहुधा सभा, फलक व वृत्तपत्रे यांच्या आधारे होतो. वस्त्राकडे दुर्लक्ष होते. टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या हंडीपासून ठाण्यात दहीहंडी आणि राजकारण यांचे नाते दृढ आहे. गोविंदा पथकाचे नाव व पुढाऱ्याचे छायाचित्र मिरवणारा टी-शर्ट हे त्या नात्याचे दृश्य रूप होय. प्रस्तुत लेखात त्याचा एक संहिता म्हणून विचार केला आहे.

वस्त्र आणि नियम

निवडणूक आयोगाच्या स्पष्टीकरणानुसार टोपी, मुखवटा, उपरणे ही साधने खर्चात दाखवून वापरता येतात. साडी, शर्ट यांसारखी मुख्य वस्त्रे वाटणे मात्र लाच ठरू शकते. टी-शर्टाला उत्सव सोयीचा ठरतो तो यामुळेही. उपरणे सभेनंतर घडी होऊन पडते. टी-शर्ट सण सरल्यावरही नाक्यावर, क्रिकेटच्या मैदानावर, घरात वापरला जातो. प्रचाराचे आयुष्य त्यामुळे वाढते.

एका वाक्याचे विश्लेषण

ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हंडीची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित ठेवली आणि १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली. त्या वर्षी ठाण्यात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या हंडीच्या वेळी ‘मी कायदा मोडणारच’ असे छापलेले टी-शर्ट दिसले. एरवीचा टी-शर्ट पुढाऱ्याचा चेहरा दाखवतो; येथे वाक्यच परिधान करणाऱ्याच्या तोंडी घातले आहे.

‘मोडणारच’ या क्रियापदातील ‘च’ लोकमान्य टिळकांच्या स्वराज्यविषयक उद्गारातील ‘मिळवणारच’ची आठवण करून देतो. साम्य येथेच संपते. टिळकांच्या वाक्यातील ‘मी’ स्वतः किंमत मोजणारा होता. १९०८ ते १९१४ हा मंडालेचा कारावास त्याची साक्ष देतो. टी-शर्टावरील ‘मी’ मात्र दुभंगलेला आहे. संकल्प संयोजकांचा, देह गोविंदाचा. संयोजकांवर गुन्हा नोंदवला गेला हे खरे; परंतु थरावरून कोसळण्याचा धोका शब्द निवडणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घालण्यास नकार दिला, तरी हा प्रश्न निकालात निघत नाही.

डोंबिवलीचा प्रतिदाखला

डोंबिवलीत १९९९ पासून निघणाऱ्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी, फेटा, सदरा असा पोशाख दिसतो. दिवाळी पहाटेच्या फडके रस्त्यावरही तरुणाई नटूनथटून येते. त्या गर्दीतही पुढारी असतात. तथापि तेथील पोशाख बहुधा नेसणाऱ्याने निवडलेला असतो. तो हौस सांगतो, आज्ञा वाहून नेत नाही.

निष्कर्ष

वाटलेला टी-शर्ट तरुणाला समूहाची ओळख देतो, आणि ती ओळख तुच्छ मानण्याचे कारण नाही. पथकात सर्वांच्या अंगी एकच वस्त्र असले की जात, शिक्षण, मिळकत यांचे भेद काही काळ झाकले जातात. परंतु त्याच वस्त्रावर दुसऱ्याचा निर्धार प्रथमपुरुषी छापला जातो, तेव्हा तरुणाची छाती फलक बनते. फलक पडला तर पुन्हा उभारता येतो. थरावरून पडलेल्या माणसाविषयी तसे म्हणता येत नाही. राजकीय वस्त्राच्या समीक्षेने म्हणून रंग आणि चिन्ह यांच्याबरोबरच त्यावरील ‘मी’ कोणाचा, हेही विचारले पाहिजे.