विदर्भातील वनौषधींचे जाणकार आणि वैद्यक व्यवसायाचे कायदे : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
नागपूर ही १९५६ पर्यंत प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि नंतर तत्कालीन मध्य प्रदेशची राजधानी होती. या प्रांताने वैद्य-हकिमांच्या नोंदणीसाठी १९४७ चा स्वतंत्र कायदा केला होता. विदर्भ महाराष्ट्रात आल्यानंतर त्याची जागा महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ ने घेतली. नोंदणीचा प्रश्न त्यामुळे सुटला. मात्र मेळघाटातील भूमका वा भटका वैदू यांच्यासारख्या, पदवी नसलेल्या जाणकाराचे स्थान काय, हा प्रश्न कायम राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

कायद्यांतील विसंगती :
१९६१ च्या अधिनियमातील कलम ३३ नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीस कोणत्याही पद्धतीने वैद्यकी करता येत नाही. उल्लंघनास कारावासाची शिक्षा आहे. याउलट वनहक्क कायदा, २००६ औषधी वनस्पतींचा समावेश गौण वनोपजात करतो आणि जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा हक्क मानतो. जैवविविधता कायदा, २००२ मधील कलम ७ वैद्य-हकिमांना सवलत देते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या कलमात ‘वैद्य’, ‘हकीम’ आणि ‘नोंदणीकृत आयुष व्यवसायी’ असे तीन स्वतंत्र उल्लेख आहेत. म्हणजेच नोंदणीबाहेरचा वैद्य अस्तित्वात आहे व त्यावर त्याची उपजीविका चालते, हे विधिमंडळाने नव्हे तर संसदेने गृहीत धरलेले दिसते. परिणामी तोच जाणकार हिरडा-बेहडा गोळा करू शकतो, विकू शकतो. परंतु रुग्णाची नाडी पाहून तेच औषध देताच तो गुन्हेगार ठरतो.

न्यायालयाची भूमिका :
केरळमधील पारंपरिक वैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये नोंदणीशिवाय व्यवसाय करण्याचा हक्क नाकारला. रुग्णाच्या जिवाचा विचार करता ही भूमिका निराधार म्हणता येत नाही. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर चटके देण्याचे प्रकार घडले आहेत. मधुमेह, कर्करोग यांवर हमखास उपायाची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने निषिद्ध आहे, तेही योग्यच होय. तथापि चटके देणारा आणि वनस्पतींची अचूक पारख असणारा या दोघांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही.

निष्कर्ष :
यावरील उपाय कलम ३३ च्या परंतुकातच आहे. अटी घालून एखाद्या वर्गास वा क्षेत्रास या कलमातून सूट देण्याचा अधिकार त्याद्वारे राज्य शासनास आहे. सरसकट सूट धोक्याची ठरेल. परंतु वनस्पतींच्या ज्ञानाची परीक्षा, किरकोळ आजारांची निश्चित यादी आणि गंभीर रुग्णास आरोग्य केंद्रात पाठविण्याचे बंधन या अटींवर मर्यादित मान्यता देता येईल. असे न झाल्यास ज्ञानाची नोंद जैवविविधता नोंदवहीत होईल. मात्र ते ज्ञान बाळगणारी शेवटची पिढी शिक्षेच्या भीतीने ते पुढे देणार नाही.