रिकामा खुळखुळा आणि भरलेला खुळखुळा

गुलजार यांचा ‘कोशिश’ हा हिंदी चित्रपट १९७२ साली आला. संजीव कुमार आणि जया भादुरी यांनी एका कर्णबधिर जोडप्याचा संसार त्यात शब्दांवाचून उभा केला. कलाकृती म्हणून त्याची थोरवी आम्हांला मान्यच आहे. येथे आम्ही त्यातील एक प्रसंग विज्ञानाच्या बाजूने तपासणार आहोत.

बाळासमोर खुळखुळा हलवला जातो, बाळ दाद देत नाही, आईबाप हादरतात. मागाहून उलगडते की खुळखुळ्यात खडेच नव्हते! निष्कर्षाआधी उपकरण तपासावे, हा विज्ञानाचा पहिला पाठ इतक्या हृद्य रीतीने क्वचितच कुणी दिला असेल.

पण चित्रपट येथेच थांबतो, आणि आमची तक्रार इथूनच सुरू होते. खडे असलेला खुळखुळाही फसवतोच. डोळ्यांपुढे हात हलला की ऐकू न येणारे मूलही मान वळवते. थोडे कमी ऐकणारे मूल खुळखुळा ऐकते, बोलणे मात्र अर्धवटच ऐकते. चित्रपटात ऐकणे म्हणजे दिव्याचे बटण आहे: चालू किंवा बंद. प्रत्यक्षात श्रवणदोषाचे प्रकार आहेत आणि पायऱ्याही आहेत.

ध्वनी आतल्या कानापर्यंत पोचण्यात अडथळा आला तर तो वहनदोष. कानात मळ साठणे, पडद्याला भोक पडणे, कान वाहणे, सर्दीनंतर मध्यकर्णात पाणी साचणे ही त्याची कारणे. तो बहुधा उपचाराने बरा होतो. आतल्या कानातील केसपेशी किंवा श्रवणाची नस बिघडली तर तो संवेदनदोष. गरोदरपणी आईला झालेला रुबेला, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, जेंटामायसिनसारखी काही औषधे, सततचा गोंगाट आणि आनुवंशिकता ही त्याची कारणे. माणसात केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. तेथे श्रवणयंत्र किंवा कर्णावर्त रोपण यांचा आधार घ्यावा लागतो. दोन्ही दोष एकत्र आले तर तो मिश्र प्रकार.

आईबापांच्या भीतीचे उत्तरही अर्धेच मिळते. बाळाला ऐकू येते, एवढेच कळते; का, ते कळत नाही. आजाराने आलेले बहिरेपण मुलात उतरत नाही. आनुवंशिक बहिरेपण बहुतेकदा अप्रभावी जनुकांमुळे येते, आणि अशी जनुके अनेक आहेत. दोघांतील सदोष जनुक वेगवेगळे असेल तर मूल ऐकणारे निपजते. म्हणूनच कर्णबधिर जोडप्यांची बहुतेक मुले ऐकू शकतात, आणि बहुतेक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात.

ही उणीव दाखवण्याचे कारण शाळेत आहे. मध्यकर्णात पाणी साचलेले मूल एके दिवशी ऐकते, दुसऱ्या दिवशी ऐकत नाही. आपण त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतो. उंच स्वर न ऐकू येणाऱ्या मुलाला ‘स’, ‘श’, ‘फ’ नीट उमगत नाहीत. त्याच्या श्रुतलेखनावर आपण लाल रेघा ओढतो. हाक मारली की ते ‘ओ’ देते, म्हणून आपली खात्री पटते. ही हाक म्हणजे आपला भरलेला खुळखुळाच.

‘कोशिश’ मुलांना जरूर दाखवावा. नंतर विचारावे: या चाचणीत आणखी काय चुकले? आणि ज्या मुलाबद्दल शंका येते त्याला शिक्षा करण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवावे.