पराभवाचे हसू : दोन फ्रेंच युद्धपटांच्या निमित्ताने

विनोदी कृतीला दीर्घायुष्य क्वचितच लाभते. प्रसंग विसरला गेला की त्यावरचा विनोदही निष्प्राण होतो. मग जर्मन अंमलाखालील फ्रान्सवर बेतलेले हास्यपट आजही का टिकून आहेत? जेरार ऊरी यांचा 'ला ग्रांद वाद्रुय' हा चित्रपट डिसेंबर 1966 मध्ये प्रदर्शित झाला. सुमारे पाच कोटी लोकवस्तीच्या त्या देशात त्याची एक कोटी सत्तर लाखांहून अधिक तिकिटे खपली आणि कोणत्याही फ्रेंच चित्रपटाला 2008 पर्यंत हा आकडा ओलांडता आला नाही. एवढ्या लोकप्रियतेचे श्रेय केवळ नटांच्या कसबाला देऊन समीक्षकाची सुटका होत नाही.

कथानक साधे आहे. पॅरिसवर पाडलेल्या ब्रिटिश विमानातील वैमानिक छत्रीने खाली उतरतात. त्यांना आसरा देणे दोघा फ्रेंचांना भाग पडते. त्यांपैकी एक ऑपेरातील अहंमन्य वाद्यवृंदसंचालक (लुई द फ्युनेस) आणि दुसरा घरे रंगवणारा भाबडा कारागीर (बुर्विल). दोघांनाही शौर्याची हौस नाही. शत्रूपासून पळता पळता संचालक कारागिराचे जोडे मागून घेतो, एकदा तर त्याच्या खांद्यावरच बसतो. राष्ट्र संकटात असतानाही वरचा खालच्याच्या खांद्यावरून उतरत नाही. या चित्रपटातील खरे युद्ध जर्मनांशी कमी आणि या दोघांच्या सामाजिक अंतराशी अधिक आहे. त्यामुळेच जर्मन अंमलाची आठवण नसलेल्या पिढीलाही ते परके वाटत नाही.

याचे दुसरे कारण भाषेत आहे. तुर्की स्नानगृहात हे दोघे फ्रेंच एकमेकांना इंग्रज समजतात आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांशी बोलत राहतात. भाषा कळत नाही म्हणून होणारी फजिती समजण्यास भाषा कळावी लागत नाही, ही यातली गंमत. भिलाई-चरोद्यासारख्या ठिकाणी हे सहज पटावे. तेथे रेल्वेच्या आणि 1955 च्या सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या निमित्ताने नाना भाषांची माणसे शेजारी झाली. शेजाऱ्याची भाषा निम्मीच समजत असता त्याच्याबरोबर संसार कसा करावा, हे तेथल्या मराठी घरांना कोणी शिकवावे लागले नाही.

तथापि या हास्यात एक मौन दडलेले आहे. चित्रपटात भेटणारा जवळजवळ प्रत्येक फ्रेंच मनुष्य मदतीला धावतो. प्रत्यक्षात, जर्मन अंमलाखालील याच पॅरिसमध्ये, जुलै 1942 च्या दोन दिवसांत सुमारे 13,000 ज्यूंना पकडण्यात आले, आणि पकडणारे पोलीस फ्रेंच होते. ऊरी हे स्वतः ज्यू कुळातले. त्या काळात त्यांना स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला होता. तेव्हा हे मौन अज्ञानातून आले असे म्हणता येत नाही. ती एक क्षमा आहे, आणि क्षमा करण्याचा अधिकार ज्याला होता त्यानेच ती केली आहे, असे मला वाटते. प्रेक्षकांनी मात्र ती निर्दोषत्वाचा दाखला म्हणून स्वीकारली. मार्सेल ओफ्युल्स यांच्या 1969 च्या माहितीपटाने सहकार्याचा इतिहास उघड केला, तेव्हा फ्रेंच दूरचित्रवाणीने तो 1981 पर्यंत दाखवला नाही.

म्हणूनच 'वाद्रुय'शेजारी क्लोद ओताँ-लारा यांचा 'ला त्राव्हर्से द पारी' (1956) ठेवून पाहावा. मार्सेल एमे यांच्या कथेवरील या चित्रपटातही बुर्विल आणि द फ्युनेस आहेत. येथे बुर्विल चार पेट्यांतून काळ्या बाजाराचे डुकराचे मांस रात्री शहरापार पोचवणारा बेकार टॅक्सीचालक आहे, तर द फ्युनेस नफेखोर वाणी. झाँ गाबँ यांनी रंगवलेला चित्रकार केवळ मौजेखातर या कामात शिरतो. दोघे पकडले जातात. जर्मन अधिकारी नामांकित चित्रकाराला ओळखून सोडतो, गरीब सोबत्याला मात्र बंदी म्हणून नेले जाते. हसता हसता आपला घसा कोरडा पडतो. दहा वर्षांनंतर त्याच नटांना घेऊन निघालेल्या चित्रपटात वर्गभेद उरला आहे, त्याची किंमत मात्र कोणालाच मोजावी लागत नाही.

मराठीत चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी अशीच भित्रेपणा आणि धडाडी यांच्या विजोड मेळातून जन्मली. मास्टर विनायक यांचा 'लग्न पाहावे करून' (1940) ऐन महायुद्धात पडद्यावर आला, तरी त्यातील चिंता लग्नाचीच आहे. दामुअण्णा मालवणकरांचा तिरळा डोळा तेथे नायकाला आपल्या घरातला करतो. 'वाद्रुय'मध्ये तिरळा आहे तो शत्रूचा सैनिक, आणि त्याची गोळी आपल्याच विमानाला लागते. आपल्या विनोदाने स्वतःला हसण्याचे धैर्य दाखवले. परंतु रेशन आणि काळाबाजार यांनी महायुद्धाच्या काळात जी लहान लहान पापे घडवली, त्यांच्याकडे तो चित्रपट वळला नाही.

क्षमा करणारे हसू जनसमूहाला आवडते आणि दीर्घकाळ टिकते. हिशेब मागणारे हसू थोड्यांनाच रुचते. परंतु दुसरे पहिल्याच्या आधी येऊन गेले नसेल, तर पहिल्याने नेमकी कशाची क्षमा केली हेच पुढच्या पिढीला कळत नाही. 'वाद्रुय' पाहून मनसोक्त हसावे, आणि ते हसू ओसरण्यापूर्वी 'त्राव्हर्से'मधील त्या चार पेट्या आठवाव्यात.