स्मारके कोण ठरवितो?

'वारसा' हा शब्द अलीकडे सर्वांच्या तोंडी आहे. एखाद्या वास्तूस 'राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक' हा दर्जा मिळाला, निळा फलक लागला, कुंपण पडले, की जपण्याजोगे काय याचा निवाडा झाला असे आपण समजतो. हा निवाडा कोणत्या कसोटीवर होतो, याची चिकित्सा मात्र आपल्याकडे फारशी होत नाही. ती करण्याचा येथे आमचा प्रयत्न आहे.

या निवाड्यास आधार आहे तो १९५८ च्या केंद्रीय कायद्याचा. वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी आणि तिला ऐतिहासिक, पुरातत्त्वीय अथवा कलात्मक मोल असावे, एवढे कायदा सांगतो. सरकार राजपत्रात दोन महिन्यांची सूचना देते. ज्यांचे हितसंबंध गुंतले आहेत त्यांस हरकत घेता येते. त्यानंतर अंतिम घोषणा होते. रीत उत्तम आहे. परंतु 'राष्ट्रीय महत्त्व' म्हणजे नेमके काय, याची व्याख्याच कायद्यात नाही. जेथे व्याख्या नाही तेथे यादी करणाऱ्याची नजर हीच कसोटी होऊन बसते.

त्या नजरेचा इतिहास यादीतच वाचावयास मिळतो. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ साली स्मारक-संरक्षणाचा कायदा झाला. इंग्रजी अमदानीतील याद्या स्वातंत्र्यानंतर बव्हंशी तशाच पुढे आल्या. म्हणूनच झांशीतील गनर बर्किल या इंग्रज तोफखानेवाल्याची कबर आपल्या राष्ट्रीय स्मारकांत होती. २०२३ साली या यादीत ३,६९३ स्मारके होती आणि त्यांपैकी २४ चा ठावठिकाणाच लागत नव्हता. अखेर मार्च २०२४ मध्ये १८ स्मारके वगळण्याची अधिसूचना निघाली. बर्किलची कबर त्यांत आहे. हरवल्यावरच ज्यांची आठवण झाली, त्यांची निवड कितपत डोळसपणे झाली होती?

आता आपल्या वसईकडे वळू. १५३४ चा गुजरातच्या सुलतानाशी झालेला तह, १७३९ चा चिमाजीअप्पांचा विजय, १८०२ चा पेशवे-इंग्रज करार: इतक्या घटना पाहिलेला वसईचा किल्ला संरक्षित असावा, हे योग्यच आहे. किल्ल्यातील चर्चचे भग्नावशेषही त्यायोगे राखले गेले. पण तटाबाहेर काय आहे? गोड्या पाण्याची बावखले आहेत, वाडीतील कौलारू घरे आहेत, वळणावर उभा असलेला क्रूस आहे. येथे लढाई झाली नाही, तह झाला नाही. परंतु किल्ला पडल्यावरही ज्यांनी भाषा, शेती आणि श्रद्धा टिकविली, त्यांचे जीवन येथेच चालले. दगडी कमान दिसते. बावखल दिसत नाही, आणि मातीचा भराव पडला की त्याची खूणही उरत नाही.

तथापि केवळ सरकारला दोष देऊन भागणार नाही. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य आहे आणि पुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. मुलाच्या लग्नासाठी एक खोली वाढवू पाहणाऱ्या कुटुंबास हा दर्जा भार वाटला, तर नवल नाही. संरक्षणाचा खर्च शेजाऱ्याने सोसावा आणि मान मात्र राष्ट्राने घ्यावा, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही.

जुन्या गोव्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथील चर्च व मठ १९८६ साली जागतिक वारसा यादीत आले. बॉम जेझूस बॅसिलिकेचा गिलावा मात्र त्यापूर्वीच, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, काढून टाकण्यात आला होता. जांभ्याचा उघडा दगड अधिक प्राचीन दिसतो, ही त्यामागची भावना. आज तोच दगड पावसाने झिजत आहे. प्राचीनतेचा देखावा आणि वास्तूचे आयुष्य यांत देखाव्यास झुकते माप मिळाले. ही बॅसिलिका केवळ प्रेक्षणीय स्थळ नाही, येथे आजही मिस्सा होते, हे विसरता कामा नये.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक यादीत गेले. त्यांत वसई नाही, म्हणून खंत करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. तेथे मराठा लष्करी स्थापत्य हा विषय आधी ठरला आणि किल्ले त्यानुसार निवडले गेले. यावरून धडा एवढाच, की यादी ही आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. 'सामान्य माणसे कशी जगली?' हा प्रश्न विचारला, तर वेगळी यादी तयार होईल.

तो प्रश्न विचारण्याचे काम आपल्या धर्मग्रामांनी करावे, असे आम्ही सुचवितो. प्रत्येक गावाने आपले क्रूस, बावखले व जुनी घरे यांची नोंद करावी: कोणी बांधले, केव्हा, कशासाठी. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या आपल्या चर्चमध्ये आहेत. वृद्धांच्या आठवणी अजून ऐकता येतात. निवड करणाऱ्यांनी कारणे जाहीर करावीत, ही मागणी रास्तच आहे. पण आपल्या हाती लेखी नोंद असेल, तरच ती मागणी ऐकली जाईल.